मशीनला हात लावण्याआधी

हार्डवेअरचा कोर्स करून किंवा नुसतं आवडीतून शिकून लोकांच्या घरी कॉम्प्युटर बघायला जाणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घरची माणसं सांगतात ती तक्रार बहुधा खरीच असते. कारण मात्र त्यांना वाटतं तिथे क्वचितच सापडतं.

एका घरी ‘नेट बिघडलंय’ म्हणून बोलावलं होतं. जुना डेस्कटॉप, कधीतरीच चालू होणारा. कुठलीही साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा. नेटवाल्याशी भांडून झालं होतं, राउटर रीसेट करून झाला होता, आणि त्याच राउटरवर घरातले मोबाइल मात्र झकास चालत होते. स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, तर ती कित्येक वर्षं मागची. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या डिजिटल ओळखपत्राला, मुदत असते आणि ब्राउझर ती मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच मागे गेलं की सर्टिफिकेट त्याला ‘अजून सुरूच न झालेलं’ दिसतं. मदरबोर्डवरचा सीआर2032 हा बटण सेल संपला होता, त्यामुळे वीज बंद झाली की घड्याळ पुन्हा मागे. सेल बदलला, तारीख लावली, काम संपलं. राउटरला हातही लावावा लागला नाही.

म्हणून गेल्या गेल्या माउस हातात घेऊ नका. शेजारी खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, ‘काका, तुम्ही रोज करता तसंच करून दाखवा.’ ते कुठे क्लिक करतात, कुठे थांबतात, कुठली खिडकी न वाचताच बंद करतात, हे सगळं बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

‘मशीन स्लो आहे’ ही तक्रार तर रोजचीच. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि दोनेक मिनिटं नुसतं बघत बसा. प्रोसेसर निवांत, मेमरीतही जागा आहे, पण डिस्क सतत 100 टक्क्यांवर, असं दिसलं आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असली, की बहुतेक वेळा उत्तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, हेच असतं. मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या तबकडीवर डेटा वाचणाऱ्या हेडला योग्य जागी पोचायलाच दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना अशा हजारो फेऱ्या होतात. एसएसडीला हेच काम मिलिसेकंदाच्या एका अंशात जमतं. ‘रॅम वाढवा’ हा सल्ला मात्र लोक उगाच वाटत सुटतात. मेमरीचा आकडा खरोखर काठोकाठ भरलेला दिसला तरच तो द्या. आणि ते रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे प्रोग्रॅम? माझ्या मते ते काढून टाकणं हीच त्यांची सर्वोत्तम सेवा.

टास्क मॅनेजरमध्येच परफॉर्मन्सखाली ‘अप टाइम’ बघा. समोरचा शपथेवर सांगतो की रोज रात्री बंद करतो, आणि तिथे आकडा वीस-बावीस दिवसांचा. तो खोटं बोलत नसतो. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात ‘शट डाउन’ केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हरही (एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) तसाच अडकलेला परत येतो. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ‘बंद करून चालू केलं तरी जात नाही’ या तक्रारींतल्या बऱ्याच तेवढ्याने जातात.

कोपऱ्यात ‘पाच व्हायरस सापडले’ असं सारखं येतंय म्हणून घाबरलेल्या काकूही भेटतील. बहुतेकदा कुठल्याशा साइटला कधीतरी नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा, फॉरमॅट कशाला? पण त्या मेसेजमधल्या नंबरवर कुणी फोन केला होता का, हे जरूर विचारा. केला असेल आणि समोरच्याला स्क्रीनचा ताबा दिला असेल, तर गोष्ट वेगळी. आधी मशीन नेटवरून काढा, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदलायला लावा आणि बँकेला कळवायला सांगा. पासवर्ड त्यांनाच टाकू द्या, तुम्ही मान दुसरीकडे वळवा.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे ‘आता हे टाकून द्यायचं का’ हा प्रश्न ठरलेला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते, ती आहे का ते तपासा. नसेल आणि वापर फक्त ब्राउझर-ईमेलपुरता असेल, तर लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम दाखवून बघा. काहींना फरकही जाणवत नाही. काही मात्र दुसऱ्याच दिवशी विंडोज परत मागतात.

सगळ्यात जास्त जपायचा तो डेटा. बायॉस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट करणं, मदरबोर्ड बदलणं, विंडोज पुन्हा टाकणं, यांतलं काहीही करण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, चालू आहे का बघा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. चालू असेल, तर त्याच्या खात्यात 48 अंकी रिकव्हरी की दिसते का ते त्याच्याकडूनच उघडून बघा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. पुढे मशीनने ती मागितली आणि ती नसली, तर डेटा कुणीच परत देऊ शकत नाही, कंपनीसुद्धा.

आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पहिलं काम मशीन बंद करणं. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) नको, कॉपी नको, ‘एकदा चालू करून बघतो’ तर मुळीच नको. चालू ठेवाल तेवढं आतलं नुकसान वाढत जातं. आत काय आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठे आहे का, एवढंच विचारा. प्रत नसेल आणि फोटो हवेच असतील, तर डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे पाठवा. खर्च बराच येईल आणि तरीही खात्री नसेल, हे त्यांना तिथेच स्पष्ट सांगा.