सातपुड्यात रानकोळ्याचा अधिवास कसा शोधावा

जायंट वुड स्पायडर, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस, हा कोळी भारतापासून आग्नेय आशियामार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो. मात्र खान्देशात तो नेमका कोणत्या नाल्याकाठी राहतो, हे पायी फिरूनच नोंदवावे लागते.

त्यासाठी पावसाळ्याचा उत्तरार्ध ते दिवाळी हा काळ निवडावा, कारण तेव्हा पूर्ण वाढलेल्या माद्या दिसतात. यावल, चोपडा किंवा तोरणमाळ या भागांतील सातपुड्याच्या रानात जावे. १९६९ साली घोषित झालेल्या यावल अभयारण्यात जायचे असल्यास वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. कपाशीचे शिवार किंवा उघडा माळ तपासत बसण्यापेक्षा सावलीचा, ओल टिकवणारा नाला धरावा आणि दोन झाडांमधील अशी मोकळी फट शोधावी, जिच्यातून किड्यांची ये-जा चालते. माझ्या मते प्रथम कोळी नव्हे, ही फट शोधणेच महत्त्वाचे आहे.

सकाळच्या तिरप्या उन्हात, प्रकाश समोरून येईल असे हळूहळू चालावे, म्हणजे धाग्यांचा सोनेरी रंग उजळून दिसतो. मोठ्या मादीचे जाळे एक मीटरहूनही रुंद असू शकते. त्याचे केंद्र मधोमध नसून वरच्या कडेकडे सरकलेले असते, आणि तेथे सुमारे ३ ते ५ सेंटिमीटर लांबीच्या शरीराची मादी, लांब काळे पाय पसरून, डोके खाली करून बसलेली असते. त्याच जाळ्यात जेमतेम ५-६ मिलिमीटरचा तांबूस नर असू शकतो. चांदीसारखे चमकणारे इवलेसे कोळी दिसल्यास ते नर किंवा पिल्ले नव्हेत. ते जाळ्यात अडकलेले बारीक किडे पळवणारे आर्जिरोडस असतात. जाळ्यात ठळक पांढरी नागमोडी पट्टी असल्यास तो सिग्नेचर स्पायडर समजावा.

नोंद करताना जाळ्याची जमिनीपासूनची उंची, आधाराची झाडे, सावली, पाण्यापासूनचे अंतर आणि तारीख लिहावी. जेथे कसून शोधूनही कोळी दिसला नाही, ती ठिकाणेही न विसरता लिहावीत, कारण त्यांच्याशिवाय प्रसाराचे चित्र अर्धवट राहते. छायाचित्रासाठी जाळ्यावर पीठ टाकू नये, कोळ्याला हातात धरू नये आणि आसपासचा पाचोळा उकरू नये. ही मादी अंडी जमिनीत खड्डा करून घालते व ती माती-पाचोळ्याने झाकते.