गाडी कमी चालते म्हणून इंजिन ऑइल बदलत नाही? या चुका टाळा

वर्षभरात जेमतेम दीड-दोन हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचे मालक ऑइल बदलणे टाळताना हमखास म्हणतात, "अजून दहा हजार कुठे झाले?" सर्व्हिस बुकातले वाक्य त्यांनी अर्धेच वाचलेले असते. आपल्याकडील बऱ्याच पेट्रोल गाड्यांसाठी तेथे १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे छापलेले असते. शिवाय सतत जवळच्याच फेऱ्या होत असतील तर ही मुदत आणखी कमी धरावी, असेही अनेक पुस्तिका सांगतात. कमी चालणाऱ्या गाडीचे ऑइल तारीख पाहूनच बदलावे लागते.

याहून घातक चूक म्हणजे उभ्या गाडीला रोज पाच मिनिटे चालू करून बंद करणे. १ लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली उतरते आणि थंड इंजिनात तिचे पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळते. थंड इंजिन पेट्रोलही जास्त ओढते आणि न जळलेले पेट्रोल त्याच वाटेने खाली येऊन ऑइल पातळ करते. गाडी लांब चालली तर तापलेल्या ऑइलमधून हे दोन्ही उडून जातात. पाच मिनिटांत मात्र ते साचतच राहतात आणि ऑइलमध्ये आम्ल तयार होऊ लागते.

ठाण्यातील एका सोसायटीतली गाडी आमच्याकडे आली होती. मालक परदेशी असल्यामुळे वॉचमन रोज सकाळी ती चालू करून बंद करत असे आणि ऑइल तीन वर्षे बदललेले नव्हते. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट-पिवळा, लोण्यासारखा थर जमलेला पाहून दुसऱ्या एका गॅरेजने हेड गॅस्केट (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, ऑइलमध्ये जाऊ न देणारे पॅकिंग) गेल्याचे सांगून इंजिन उघडण्याचा खर्च मांडला होता. कूलंटची पातळी मात्र खुणेवरच स्थिर होती, गाडी तापत नव्हती आणि पांढरा धूरही नव्हता. आम्ही ती महामार्गावर तासभर चालवली, गरम असतानाच ऑइल काढले, फिल्टरसह नवे भरले आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलले. तो थर परत आला नाही. असा थर दिसला की आधी कूलंट तपासावा, इंजिन उघडण्याची घाई करू नये. कूलंट घटत असेल, तर मात्र गाडी चालवू नये.

म्हणून माझा आग्रह असतो की पंधरवड्यातून एकदा तरी गाडी सलग पंचवीस-तीस किलोमीटर चालवावी, आणि ते जमत नसेल तर ती मुळीच चालू करू नये. बॅटरीसाठी चार्जर लावावा किंवा तिची वायर सोडून ठेवावी.

बाकी चुका थोडक्यात सांगतो. रंगावरून ऑइल पारखू नये. डिझेल गाडीत नवे ऑइलही लवकरच काळे पडते. फिल्टर जुनाच ठेवून पैसे वाचवू नयेत. जाड ऑइल अधिक चांगले असते, हा समज सोडून पुस्तिकेतील ग्रेडच भरावी. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या पुढे ऑइल गेले तर त्याला फेस येऊ शकतो. धुरातील काजळी अडवणारा फिल्टर (डीपीएफ) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत न भरताही पातळी वाढत असेल, तर त्यात डिझेल मिसळत आहे असे समजून ऑइल लगेच बदलावे. दोन वर्षांचे दुर्लक्ष फ्लशच्या, म्हणजे इंजिन आतून धुण्याच्या द्रवाच्या, एका बाटलीने भरून काढू पाहणाऱ्यांना मी ती बाटली परत नेऊन त्या पैशांत फिल्टर घ्यायला सांगतो.

माझ्या स्वतःच्या गाडीचे ऑइल मी दसऱ्याच्या सुमारास, पावसाळ्याची दमट हवा ओसरल्यावर बदलतो. गाडी काही महिने उभीच राहणार असेल, तर परतल्यावर नव्हे, जाण्यापूर्वीच ऑइल बदलावे, कारण जुन्या ऑइलमधील आम्ल त्या काळात बेअरिंगला खात राहते.