जुने शिवणयंत्र घेताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या घरांत शिवणयंत्र बहुधा माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली झाकलेले सापडते. कधीकाळी घरातल्या चाकरमान्याने ते मुंबईहून बोटीने आणलेले असते, आजीने त्यावर घरभराचे कपडे शिवलेले असतात आणि पुढे तीस-चाळीस वर्षे त्याला कोणी हात लावलेला नसतो. अशी यंत्रे घेऊन ती चालती करण्याचा छंद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. माझ्या हातांखालून गेलेल्या यंत्रांची खरी नासाडी त्यांच्या वयामुळे क्वचितच झाली होती. ती खाऱ्या हवेने आणि घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात केलेल्या घाईने झाली होती, आणि त्या घाईत माझाही वाटा आहे.

घेण्यापूर्वी

सोनेरी नक्षी शाबूत दिसली की माणूस भुलतो आणि खालची बाजू पाहायची विसरतो. यंत्र मागे कलते करून खालचे दांडे, जोड आणि स्क्रू पाहावेत, मग चाक हाताने स्वतःकडे फिरवावे. चाक जाम असेल तर तेवढ्यावरून यंत्र नाकारू नये, कारण जाम झालेले यंत्र बहुतेक वेळा मोकळे होते. सुटे भाग हरवलेले असणे ही त्याहून मोठी अडचण आहे. सिंगर कंपनीच्या २७ आणि २८ या प्रकारांत खालचा दोरा वाहून नेणारे लांबट, होडीसारखे निमुळते शटल असते आणि त्यात दांडीसारखी लांब बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, बसते. हे शटल किंवा त्यावरची सरकती पट्टी नसेल, तर यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी ते शोभेपुरतेच उरण्याचा संभव असतो. याउलट सिंगरचा १५ हा प्रकार आणि त्याच धर्तीवर बनलेली, १९३०च्या दशकात कलकत्त्यात सुरू झालेल्या उषाची साधी यंत्रे यांची गोल बॉबिन, बॉबिन केस आणि सुई आजही रत्नागिरी-सावंतवाडीच्या बाजारात सहज मिळते. पहिलेच यंत्र घेत असाल तर याच जातीचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फार जुन्या काही यंत्रांना लागणाऱ्या सुया आज दुर्मीळ आहेत, म्हणून पैसे देण्याआधी ‘याला सुई कोणती लागते?’ हा प्रश्न विचारावा.

पुरात बुडालेले यंत्र ओळखता येणे आपल्याकडे विशेष गरजेचे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, त्यानंतर काही काळ भंगारात शिवणयंत्रेही दिसू लागली. वरून धुऊन-पुसून ती चांगली दिसतात. उभ्या खांबाच्या मागची गोल झाकणी काढून आत पाहिले की वाळलेल्या गाळाची रेघ दिसते, आणि लाकडी बैठकीचे सांधे उकललेले असतात. असे यंत्र घ्यायचेच असेल तर गाळ काढेपर्यंत चाक फिरवू नये. गाळातली बारीक वाळू दांड्यांवर चरे पाडते आणि मग यंत्र कायमचे खडखडत राहते. मी एकदा विक्रेत्यासमोरच मोठ्या उत्साहाने चाक गरगरा फिरवले होते, आणि ते यंत्र आजही माझ्याकडे दळणाच्या जात्यासारखा आवाज करते.

वयाबद्दल विक्रेता जे सांगतो ते ऐकून घ्यावे, पण विश्वास क्रमांकावर ठेवावा. सिंगरचा क्रमांक खांबाच्या पायथ्याशी, बैठकीवर ठोकलेला असतो. नुसते आकडे असतील तर यंत्र साधारणपणे १९००च्या आधीचे आणि आकड्यांआधी इंग्रजी अक्षर असेल तर त्यानंतरचे समजावे. आपल्याकडे सापडणारी अनेक सिंगर यंत्रे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली असतात. तो कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. कोणता क्रमांक कोणत्या वर्षाचा हे सांगणाऱ्या याद्या असतात; त्यांतले वर्ष क्रमांकांचा गठ्ठा नेमून दिल्याचे असते, त्यामुळे प्रत्यक्ष यंत्र थोडे नंतरचे असू शकते. शंभरीच्या आतले यंत्र ‘दीडशे वर्षांपूर्वीचे’ म्हणून विकायला आले तर भाव करायला हीच जागा आहे.

आणखी एका अफवेचा उल्लेख करतो. एप्रिल २००९ मध्ये सौदी अरेबियात अशी आवई उठली की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचा अतिमौल्यवान पदार्थ असतो आणि तो असला तर सुईजवळ मोबाइल धरला की त्याचे नेटवर्क जाते. तिथे लोकांनी एकेका यंत्रासाठी अवाच्या सवा पैसे मोजले. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे आखातात नोकरीला असल्यामुळे ही कथा इकडेही फिरत राहते, आणि कोणीतरी माळ्यावरचे यंत्र लाखाच्या खाली द्यायला तयार होत नाही. शिवणयंत्रात बीड, पोलाद आणि थोडे पितळ असते. कुठल्याही रंगाचा पारा नसतो.

खोबरेल तेलाचा प्रश्न

जाम यंत्र घरी आले की पहिली चूक होते ती जोर लावण्याची. चाकाला पाना लावून किंवा दोघांनी मिळून रेटा दिला तर आतला एखादा भाग वाकतो किंवा बिडाचा भाग तडकतो, आणि बीड घरच्या घरी जोडता येत नाही. यंत्र का अडकले आहे ते आधी समजून घ्यावे. आपल्या भागात याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे खोबरेल तेल. घरात तेच हाताशी असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेच यंत्राला घातले गेले. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, शिवाय वर्षानुवर्षे त्यात धूळ आणि कापसाचे तंतू मिसळून त्याचा पिवळट, चिकट थर होतो. डिसेंबरात पहाटे जड चालणारे आणि दुपारी ऊन चढल्यावर मोकळे होणारे यंत्र दिसले, तर त्यात खोबरेल आहे असे मी दुसरी तपासणी न करता सांगतो. शेंगदाण्याचे तेल याहून वाईट, कारण ते वाळून वार्निशसारखे कडक होते.

यावर जुना उपाय रॉकेलचा आहे आणि तो चांगला आहे, फक्त अर्धवट केला जातो. प्रत्येक तेलाच्या छिद्रात आणि जिथे धातूवर धातू घासतो अशा प्रत्येक जोडात रॉकेलचे थेंब सोडावेत, रात्रभर थांबावे, दुसऱ्या दिवशी चाक मागे-पुढे केवळ हलवून पाहावे आणि पुन्हा थेंब सोडावेत. काही यंत्रांना दोन दिवस लागतात, काहींना तीन आठवडे. एखादा जोड हटून बसला असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा तेवढ्याच जागी द्यावी. मात्र रॉकेल पूर्ण पुसून आणि उडून गेल्याशिवाय नाही, आणि हे काम चुलीजवळ किंवा देवासमोरच्या समईजवळ तर मुळीच करू नये. यंत्र मोकळे झाले की लोक खूश होऊन शिवायला बसतात, आणि खरी चूक तिथे होते. रॉकेल मळ काढते, वंगण देत नाही. ते पुसून प्रत्येक जागी पांढऱ्या मशीन तेलाचा एक-दोन थेंब घातला नाही तर कोरड्या दांड्यांची झीज सुरू होते. बाजारात मिळणारे गंज सोडवण्याचे फवारेही याच वर्गातले आहेत. त्यांनी स्क्रू सुटतो, पण ते वंगणाची जागा घेत नाहीत.

स्क्रूंबद्दल इतकेच सांगतो की पेचकसाचे पाते खाचेत पूर्ण रुंदीने बसले पाहिजे. सैल पात्याने खाच फाटते, आणि या यंत्रांच्या स्क्रूंचे आटे नेहमीच्या मापाचे नसल्यामुळे गावच्या हार्डवेअरच्या दुकानात बदली स्क्रू मिळत नाही.

सोनेरी नक्षी, आमसूल आणि स्पिरिट

काळ्या रंगावरची सोनेरी नक्षी ही पातळ चित्रे असून त्यांवर पारदर्शक लाखेचा थर असतो. सुताराचे लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते हे सर्वांना ठाऊक असते, पण यंत्रावरचा थरही त्याच जातीचा आहे हे लक्षात येत नाही. माझ्या एका पायमशीनची सागवानी पेटी पॉलिश करायला आलेल्या कारागिराने जाता जाता तोच बोळा यंत्रावरून फिरवला, आणि नक्षीतली अर्धी वेल कापडावर आली. चूक त्याची नव्हती. यंत्र बाजूला काढून ठेवायला हवे होते ते मीच ठेवले नव्हते. स्पिरिट, अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव, भांड्यांची पूड आणि तारेचा ब्रश यांपैकी काहीही नक्षीच्या जवळ नेऊ नये. मऊ सुती कापडावर मशीन तेल घेऊन हळूहळू मळ उचलावा. काम कंटाळवाणे आहे, पण ते असेच होते.

पितळेची भांडी आमसुलाने किंवा चिंचेने लख्ख होतात म्हणून तोच प्रयोग निकेलच्या मुलाम्यावर करणारेही मी पाहिले आहेत. आम्लाने मुलामा खाल्ला जातो आणि खाचांत राहिलेले आम्ल पहिल्याच पावसात नवा गंज आणते. चकचकीत भागांवरचा गंज तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टील वुलने काढावा आणि जिथे मुलामा गेला आहे तिथे थांबावे. संपूर्ण यंत्र खरवडून नव्याने रंगवण्याचा मोह मला कधीच पटलेला नाही. हात लागून झिजलेली जागा हा त्या यंत्राचा इतिहास आहे, आणि नवा रंग चढवल्यावर त्याची किंमतही उतरते.

टाका नीट पडत नाही तेव्हा

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो तेव्हा लोक बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळू लागतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. दाबपाय, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर असताना दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या सैल असतात आणि खाली असताना त्या घट्ट होतात. म्हणून दोरा पाय वर करून ओवावा, म्हणजे तो चकत्यांच्या मधोमध बसतो, आणि ताण मात्र पाय खाली करून तपासावा. टाके सुटत असतील तर आधी नवी सुई घालावी; १५ प्रकाराच्या यंत्रांसाठी पाकिटावर ‘एचए × १’ किंवा ‘१५ × १’ लिहिलेली सुई चालते. सुईच्या ज्या बाजूला लांब खोबण असते त्या बाजूने दोरा ओवायचा आणि चपटी बाजू तिच्या विरुद्ध असते. ही दिशा यंत्रागणिक बदलते, त्यामुळे घरच्या नव्या मशीनच्या सवयीने सुई बसवू नये. कापड पुढे सरकत नसेल तर सुईखालची पट्टी काढून पाहावी; कापड पुढे ढकलणाऱ्या दातांमधल्या खाचांत कापसाचा नमद्यासारखा घट्ट थर सापडतो.

चाक फिरते पण सुई हलत नाही, ही तक्रार घेऊन आलेले एक यंत्र मी दोन दिवस उघडून बसलो होतो. बॉबिन भरण्यासाठी चाकाच्या मध्यभागी जी गोल मूठ सैल करतात, तिच्याखाली तीन कानांची चकती असते. ती साफसफाईत उलटी बसली की चाक पकडत नाही, किंवा सुटतच नाही. चकती अर्धा फेरा फिरवून बसवली आणि यंत्र चालू झाले.

मोटार असलेल्या यंत्राची वायर उघडून पाहिल्याशिवाय प्लग लावू नये. जुन्या वायरीवरचे रबर दमट हवेत भुगा होऊन गळते. जहाजावर काम केलेल्या माणसाने परदेशातून आणलेले यंत्र असेल तर त्याची मोटार ११० व्होल्टची असू शकते, आणि आपल्या २३० व्होल्टवर ती तत्क्षणी जळते. हे काम वीजतंत्र्याकडेच द्यावे.

पावसाळ्याची तयारी

मिरगाआधी प्रत्येक यंत्राच्या उघड्या पोलादावर तेलाचा हात फिरवावा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणे ही सर्वांत घातक काळजी ठरते, कारण आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही. जुने सुती लुगडे झाकणे बरे. लाकडी पेटीचे झाकण जूनमध्ये फुगून घट्ट बसते, ते पिळून काढू नये आणि रंध्याने तासूही नये, दिवाळीपर्यंत ते आपोआप सैल होते. पेटीचे आणि स्टँडचे लाकूड भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, म्हणजे वाळवी चढत असेल तर ती दिसते. पायमशीनचा चामडी पट्टा मात्र काढून चुलीच्या वरच्या बाजूला टांगून ठेवावा, नाहीतर श्रावण संपेपर्यंत त्याच्यावर हिरवी बुरशी धरते.