चवथीला (गणेश चतुर्थीला) परदेशाहून गोव्यात घरी येताना: काळा चष्मा हातातल्या बॅगेत

पासपोर्ट, तिकीट, चार्जर यांबद्दल सांगायला नको. जेट लॅग, म्हणजे लांबच्या विमानप्रवासाने झोपेची वेळ बिघडणं, कमी करायचा तर काळा चष्मा मात्र आत्ताच काढा आणि हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या मोठ्या बॅगेत नको, ती बॅग पट्ट्यावर येईपर्यंत उजाडलेलं असतं. मागच्या खेपेला नेमका तोच मोठ्या बॅगेत गेला, आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायच्या दिवशी डोळे दुपारी उघडेनात, रात्री मिटेनात.

लंडन, स्विंडन किंवा लिस्बन, चवथीच्या दिवसांत तिन्हीकडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं. शरीराच्या आतलं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांहून थोडं लांब चालतं. त्यामुळे झोप उशिरावर ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं कठीण. म्हणूनच पश्चिमेला जाताना होत नाही तेवढा त्रास इकडे येताना होतो. पूर्वेकडे शरीर दिवसाला साधारण एक तास सरकतं, म्हणजे चार-पाच दिवस धरा. चवथीच्या आदल्या रात्री उतरण्याचं तिकीट काढू नका, चार दिवस आधीचं काढा. रजा मिळत नसेल तर निघण्याआधीच्या तीन रात्री अर्धा-अर्धा तास लवकर झोपा, सकाळी तेवढंच लवकर उठा आणि उठल्याबरोबर उजेडात जा. दीड तास तिथेच सुटला.

आता चष्म्याचं, आणि हे नीट वाचा. उजेड घड्याळ सरकवतो, पण कुठल्या बाजूला ते वेळेवर ठरतं. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्या क्षणानंतरचा उजेड घड्याळ पुढे ओढतो, आपल्याला हवं तसं. त्याआधीचा उजेड मागे ढकलतो. तिकडे रोज ७ला उठत असाल तर तो क्षण उशिरात उशिरा ५चा, म्हणजे गोव्यातले सकाळचे ९.३०. विमान पहाटे मोपाला किंवा दाबोळीला उतरतं, बाहेर येईपर्यंत लख्ख उजाडतं, आणि माणूस उघड्या डोळ्यांनी घरापर्यंत येतो. दोन-तीन तास चुकीच्या वेळचा उजेड! घड्याळ यायला हवं पूर्वेला आणि ते पश्चिमेला जाऊ लागतं. चष्मा लावा. ढग असले तरी लावा, कारण पावसाळी आभाळाचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. मधल्या विमानतळावर रात्रभर पांढरे दिवे जळत असतात, तिथेही लावा. लोक बघतील, बघू देत.

पहिल्या दिवशी ९.३०ला चष्मा काढा आणि तास-दोन तास अंगणात नाहीतर सोप्यावर (ओसरीवर) कडेला बसा. आतल्या खोलीत बसून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी ८.३०ला काढा, तिसऱ्या दिवशी ७.३०ला. निघण्याआधी झोप दीड तास सरकवली असेल तर पहिल्याच दिवशी ८ला काढा, नाहीतर कामाचा उजेड फुकट जाईल. गडद काच हवी, बाजूनेही डोळे झाकणारी. रात्री किंवा झुंजुमुंजू असताना तो लावून गाडी हाकू नका. खरं तर उतरल्यावर गाडी हाकूच नका. मोपाहून मडगाव म्हणजे तास-दीड तासाचा रस्ता, आणि तेव्हा शरीराच्या हिशेबाने मध्यरात्र उलटलेली असते. घरच्या कोणाला तरी बोलवा.

विमानात बसल्याबरोबर मनगटावरचं घड्याळ गोव्याच्या वेळेवर करा आणि इथे रात्र असेल तेव्हाच झोपा. डोळ्यांवर पट्टी घ्या. दारू नको, तिने झोप लागते पण तुटक. झोपेची गोळी घेऊन तासन्‌तास न हलता बसू नका, पायात रक्त गोठण्याचा धोका वाढतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून आणावा. पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो, त्यामुळे नेहमीचा डोस जास्त पडू शकतो. यात अंदाज चालत नाही.

मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, गोळीच्या रूपात) घ्यायचं तर ०.५ ते ३ मिलिग्रॅम, गोव्यातल्या झोपेच्या वेळी, तीन-चार रात्री. जास्त घेतल्याने जास्त गुण येत नाही, सकाळी डोकं तेवढं जड होतं. ब्रिटनमध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.

दुपारची झोप हा दुसरा सापळा. शीतकडी जेवून झाली की घरचे म्हणणारच, "जरा आड पड." पडा, पण २० मिनिटं, गजर लावून, आणि ३च्या आत. गोव्याची दुपार ४पर्यंत निजलेली असते, तिच्याबरोबर निजलात तर रात्री २ला टक्क जागे. चहा-कॉफी २नंतर बंद. जेवण इथल्या वेळेला. भूक नसली तरी थोडं खा.

रात्री ९नंतर दिवे मंद, फोन दूर. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा.

बोटीवर जाणाऱ्या तारवटींसाठी वेगळं एकच: दूरच्या बंदरावर उतरून त्याच दिवशी ड्युटी लागणार असेल तर एजंटकडे एक रात्र आधीचं तिकीट मागा.

परत जाताना सोपं आहे. संध्याकाळी उजेड असेपर्यंत बाहेर फिरा, ९ वाजेपर्यंत जागा, पडदे घट्ट लावा. पहाटे ३ला जाग आली तर दिवा लावू नका.

आणि चष्मा बॅगेत टाकला का? हातातल्या.