टंगस्टनवर चांदीचे स्फटिक वाढवताना

गोव्यात ताळगावच्या पठारावर आषाढात निर्वात चेंबर उघडावाच लागला, तर पुढची घाई करू नका. इथल्या हवेतलं पाणी पोलादाच्या भिंतींना चिकटून बसतं. मी पूर्ण दोन दिवस 150 अंशांवर बेक करते. दाब 10⁻¹⁰ मिलिबारच्या घरात आल्याशिवाय चांदीला हात लावत नाही.

टंगस्टनचा (110) पृष्ठभाग (स्फटिक एका ठराविक दिशेने कापून मिळणारा) ऑक्सिजनमध्ये तापवून कार्बन जाळा, मग 2200 केल्विनच्या वर फ्लॅश द्या, म्हणजे क्षणभरच तापवा. हे पुन्हापुन्हा करावं लागतं, कंटाळू नका.

खोलीच्या तापमानाला पाच-सहा अणुथर चांदी बसवा. नंतर अगदी हळू तापवा. पहिले दोन थर टंगस्टनला धरून राहतात, वरची चांदी गोळा होऊन स्फटिक बनते. ऑजे स्पेक्ट्रम (पृष्ठभागातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा आलेख) फक्त वरचे काही थर बघतो, म्हणून त्यात चांदीचं 356 ईव्हीचं (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) शिखर खचतं, टंगस्टनचं 169चं वर येतं.

पहिल्या वेळी चांदीचं शिखर खचताना बघून चांदी उडाली असं वाटून मी नमुनाच पुसून टाकला होता. अजून हळहळ वाटते. तुम्ही तापवतानाच मास स्पेक्ट्रोमीटरवर (चेंबरमधल्या वायूतले अणू वस्तुमानानुसार ओळखणारं यंत्र) 107 आणि 109, म्हणजे चांदीच्या दोन समस्थानिकांची वस्तुमानं, बघत राहा. तिथे काहीच उठलं नाही, तर चांदी जागेवरच आहे.