चिखलणीनंतरचं गढूळ पाणी लगेच सोडू नका
भात लावणीआधी खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, पाणी घेऊन मातीचा चिखल करतात, ती चिखलणी. ती झाली की जास्तीचं पाणी बांध फोडून लगेच काढून दिलं जातं. त्या गढूळ पाण्याबरोबर खाचरातली सगळ्यात बारीक, कसदार माती निघून जाते. छोट्या शेतकऱ्याला हे नुकसान परवडणारं नाही.

१. चिखलणीआधीच पाणी बेतानं घ्या. ढेकळं भिजून थोडी वर दिसत राहिली तरी पुरे.

२. चिखलणीनंतर पाणी एक-दोन दिवस तसंच राहू द्या. काचेच्या ग्लासात घेऊन बघा: निवळ दिसलं तरच सोडा. चिकण मातीत गाळ बसायला जास्त वेळ लागतो, तिथं घाई नको.

३. पाणी एकाच ठरलेल्या तोंडातून काढा. तिथं सपाट दगड बसवा आणि आतल्या बाजूला पेंढ्याची जुडी आडवी खुंट्यांनी पक्की करा. गाळ जुडीशी अडतो. साचलेला गाळ फावड्यानं उचलून परत खाचरातच पसरा, हे मात्र चुकवू नका.

४. बांधावरचं गवत खरवडून काढू नका, वरून कापा. मुळं बांध धरून ठेवतात.

जोराच्या पावसात मात्र जुडी काढून तोंड मोकळं करा. पाणी तुंबलं तर बांधच फुटेल.