मालदीवच्या लोकवस्तीच्या बेटावर जाताना कपडे कसे निवडावेत

मालदीव म्हटलं की डोळ्यांसमोर रिसॉर्टची चित्रं येतात आणि बॅग त्याच हिशोबाने भरली जाते. पण माफुशी, धिगुरा, थोड्डू, थुलुसधू ही बेटं म्हणजे गावं आहेत. तिथे शाळा आहे, मशीद आहे, आणि बंदरावर जाळीच्या खुर्च्यांत बसून गप्पा मारणारी म्हातारी माणसं आहेत. 1972 मध्ये पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून पर्यटकांना मुद्दाम निर्मनुष्य बेटांवरच ठेवलं जाई. गावात गेस्टहाऊस काढायला परवानगी मिळाली ती 2009 च्या सुमारास. म्हणजे परक्या पाहुण्यांना रोज आपल्या दारावरून जाताना बघायची सवय या गावांना अगदी अलीकडची आहे. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी बेट कोणत्या प्रकारचं ते बघा. रिसॉर्टच्या बेटावर स्विमसूट, बिकिनी, शॉर्ट्स सगळं चालतं. फक्त उघड्या छातीने किंवा विवस्त्र फिरायला बायकांना देशात कुठेच परवानगी नाही, रिसॉर्टवरही नाही. गावाच्या बेटावर मात्र खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. राजधानी मालेतही हाच नियम धरा. सहलीत दोन्ही प्रकारची बेटं असतील तर बॅग गावाच्या हिशोबाने भरा.

पुरुषांनीही वाचावं. हा सगळा उपदेश फक्त बायकांसाठी आहे असं समजून पुरुष उघड्या अंगाने बंदरावरून दुकानात जातात, आणि ते गावात तितकंच खटकतं. टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पँट एवढं पुरे. अगदी लहान मुलांच्या कपड्यांबद्दल कोणी काही बोलत नाही.

बॅगेत काय घ्यायचं? आठवड्यासाठी दोन-तीन सैल सुती पँट किंवा लांब स्कर्ट, बाह्यांचे तीन-चार टॉप, एक मोठी ओढणी आणि कडा असलेली टोपी. माले विषुववृत्तापासून जेमतेम 4 अंशांवर आहे. ऊन डोक्यावरून सरळ खाली येतं आणि पांढऱ्या वाळूवरून उलटून पुन्हा अंगावर येतं. त्यामुळे पूर्ण बाह्यांचा कपडा इथे त्वचेसाठीही चांगला. जीन्स घरी ठेवा. एकदा भिजली की दमट हवेत वाळता वाळत नाही.

पोहण्याचा कपडा. पर्यटक येतात त्या बहुतेक गावांत किनाऱ्याचा एक भाग वेगळा राखलेला असतो. त्याला बिकिनी बीचच म्हणतात. पाटी असते, बहुधा आडोशाला कुंपण किंवा झावळ्यांची भिंतही असते. त्याच्या आत काहीही घाला. बाहेर कुठेही पाण्यात उतरायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबर बसणारा टॉप) आणि लेगिंग्ज. टी-शर्ट घालून पोहायचा मोह टाळा, सुती कापड पाण्यात जड होतं आणि बाहेर आल्यावर अंगाला चिकटून आरपार दिसतं. स्नॉर्केलिंगला, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याखालचं बघायला, तर रॅश गार्ड हवाच. तासभर पालथं तरंगताना पाठ कधी भाजली ते कळतही नाही.

खरी चूक होते ती परतीच्या वाटेवर. बिकिनी बीचपासून खोली दोन मिनिटांवर असते, म्हणून लोक ओला टॉवेल गुंडाळून निघतात. टॉवेल म्हणजे कपडे नव्हेत. मी पहिल्या खेपेला पातळ सरोंग, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं मोठं कापड, बांधून निघाले. गल्लीच्या वळणावर वारा आला, गाठ सुटली, आणि समोरून शाळा सुटलेल्या मुली येत होत्या. त्या मान खाली घालून भिंतीच्या कडेने निघून गेल्या. कोणी रागावलं नाही, पण त्यांना रस्ता बदलावा लागला याची टोचणी मला अजून आहे.

त्या दिवसापासून मी समोर बटणं असलेला, गुडघ्याखाली जाणारा जाडसर सुती शर्ट-ड्रेस जवळ ठेवते. ओल्या अंगावर डोक्यातून कपडा ओढावा लागत नाही, हात घालून चार बटणं लावली की झालं. गडद रंगाचा घ्या, ओल कमी दिसते. सरोंगच आवडत असेल तर कापड पाठीवरून घेऊन दोन्ही टोकं काखेतून पुढे आणा, छातीवर एक पीळ द्या आणि मानेमागे गाठ मारा. वर एक सेफ्टी पिन लावा आणि खांद्यांवर ओढणी घ्या.

बोटीवर जाताना. वाळूच्या दांड्यावर किंवा निर्मनुष्य बेटावर नेणाऱ्या सहलीत स्विमसूट सहसा चालतो, तरी बोटवाल्याला विचारून घ्या. बोट सुटते गावाच्या बंदरातून, तेव्हा चढताना-उतरताना अंग झाकलेलं हवं. स्पीडबोटवर पाणी उडतं; पटकन वाळणारी पँट बरी पडते.

मशीद बघायची असेल तर मालेतली हुकुरु मिस्की चुकवू नका. 1658 मध्ये प्रवाळाचे दगड कोरून बांधलेली आहे. नमाजाच्या वेळा सोडून जा, आत जाता येईल का ते आधी विचारा. बायकांनी पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत कपडा आणि डोक्यावर ओढणी; पुरुषांनी पूर्ण पँट. चपला बाहेर निघतात, तेव्हा पट्ट्यांच्या सँडलपेक्षा साध्या सपाता सोयीच्या.

शुक्रवारी दुपारी आणि रमजानमध्ये जरा जास्तच जपा. रमजानात दिवसा रस्त्यावर खाणं-पिणंही नको.

आणि एक: ओले स्विमसूट रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत घालू नका. गच्चीवर किंवा मागच्या अंगणात दोरी आहे का, ते खोली घेतानाच विचारा.